कुठला कान कातरलेला होता?

मराठी घरांत कुत्र्याची चित्रं पूर्वीपासून आहेत, फक्त ती घरच्या कुत्र्याची नव्हती. गिरगावातल्या कितीतरी खोल्यांत दत्ताची तसबीर असायची आणि त्याच्या पायाशी चार कुत्री. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईतच सुरू झाला आणि 1899 मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. अशा छापखान्यांमुळे देव स्वस्तात भिंतीवर आले, आणि देवांबरोबर त्यांची जनावरंही. पण दत्ताची चार कुत्री म्हणजे चार वेद. त्यांतलं कुठलं फटाक्यांना घाबरून पलंगाखाली जायचं, हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही.

दुसरं कुत्रं तबकडीवरचं. बालगंधर्वांचं पद ऐकताना फिरत्या लेबलावर जे दिसायचं, ते मात्र एका खऱ्या कुत्र्याचं व्यक्तिचित्र होतं. त्याचं नाव निपर. जन्म 1884 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. पहिला मालक वारल्यावर तो मालकाच्या भावाकडे, फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराकडे राहिला. 1895 मध्ये निपर गेला. त्यानंतर तीनेक वर्षांनी बॅरॉडने तो रंगवला: फोनोग्राफच्या कर्ण्यासमोर मान तिरकी करून आवाज कुठून येतो याचा शोध घेणारा. ग्रामोफोन कंपनीने चित्र घ्यायची तयारी दाखवली, पण त्यात आमचं यंत्र हवं अशी अट घातली. बॅरॉडने जुनं यंत्र रंगाखाली झाकून त्यावर नवं काढलं आणि चित्र व हक्क मिळून शंभर पौंड घेतले. यंत्र बदललं, पण मान तशीच राहिली. ती मान बॅरॉडने रोज पाहिलेली होती, म्हणूनच ते चित्र जगभर गेलं असं मला ठामपणे वाटतं. तिथे कुठलंही दुसरं गोजिरवाणं कुत्रं बसवलं असतं, तर ते नुसतं कुत्रं राहिलं असतं.

आज दादर-परळच्या घरांत आपल्या माऊचं किंवा मोत्याचं चित्र चित्रकाराकडून काढून घेणारे लोक भेटतात. काहींना ही पैसेवाल्यांची हौस वाटते. मला ती हौस वाटत नाही. फोनमध्ये हजार फोटो असताना माणूस परक्या हाताला आपलं जनावर काढायला सांगतो, तेव्हा त्या परक्याला आपल्या जनावराची ओळख करून द्यावी लागते. या व्यवहारातला खरा ऐवज ही ओळख करून देणं आहे.

लालबागच्या एका ओळखीच्या बाईंबरोबर मी अशा एका चित्रकाराकडे गेलो होतो. त्यांचा बोका गेला होता. बाई म्हणाल्या, ‘दादा, अगदी हुबेहूब पाहिजे.’ चित्रकाराने फोनमधले फोटो शांतपणे पाहिले आणि विचारलं, ‘ताई, हे सगळे बरोबर आहेत. पण तो बसायचा कसा?’ बाई थांबल्या. मग सांगू लागल्या. बाजारातून मासळीची पिशवी आली की तो धावत यायचा नाही. मोरीच्या कट्ट्यावर चढून, शेपूट पुढच्या पायांभोवती गुंडाळून, जणू काही आपला संबंधच नाही असा खिडकीकडे बघत बसायचा. आणि त्याच्या कानाची कड भांडणात कातरली गेली होती. ‘कुठल्या कानाची?’ बाई म्हणाल्या डाव्या, बरोबर आलेला मुलगा म्हणाला उजव्या. फोटोही दोन्ही बाजूंनी साक्ष देत होते. चित्रकारानेच उलगडा केला. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला सेल्फी काही फोनांत आरशासारखा उलटा साठतो. मागच्या कॅमेऱ्याचे फोटो तेवढे निवडून लावले, तेव्हा कान डावा निघाला.

घरात इतकी वर्षं वावरलेल्या जिवाचा कान कुठला, हे खात्रीने सांगता येऊ नये यात नवल नाही. आपण रोज पाहतो ते बारकाईने पाहतोच असं नाही. फोटो काढताना तर पाहायचं काम आपण फोनवर सोपवलेलं असतं, आणि जनावराच्या बाबतीत फोन फसवा आहे. उभ्याने वरून टिपलं की डोकं मोठं आणि पाय आखूड येतात. फ्लॅश मारला की डोळ्यांच्या मागचा पडदा उजेड परतवतो आणि बुबुळाच्या जागी हिरवा-पिवळा दिवा उरतो. काळं कुत्रं तर बहुतेक फोटोंत नुसती काळी जागा असते. चित्रकाराला तिथे खिडकीच्या उजेडाची निळसर झाक, गळ्याखालची तपकिरी छटा, पाठीवर केस कुठल्या दिशेला वळतात ते हवं असतं. म्हणून जाणते चित्रकार सांगतात, जमिनीवर बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या, दिवसाउजेडी खिडकीपाशी काढा. या सूचना फोटोसाठी असतात, पण त्या पाळणारा माणूस बहुधा पहिल्यांदाच आपल्या कुत्र्याच्या उंचीवरून घर बघतो.

डोळ्यांचं तर वेगळंच. लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती कितीही हातांनी घडली, तरी डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडे जाते, कारण नजर चुकली तर बाकीचं सगळं वाया. मांजराच्या चित्रातही तेच. उन्हात त्याची बाहुली उभ्या रेघेसारखी बारीक होते, अंधारात गोल आणि मोठी. रेघ काढायची की गोल, यावरून चित्रात दुपार येते की रात्र. त्या बाईंनी दुपार मागितली. मासळी आणल्यावर तो दिसायचा, ती वेळ.

मुंबईला व्यक्तिचित्रांची परंपरा मोठी आहे. 1857 मध्ये सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली, आणि तिथून बाहेर पडलेल्या कित्येकांची चूल शेट-सावकारांच्या, न्यायमूर्तींच्या, संस्थानिकांच्या तैलचित्रांवर चालली. त्या चित्रांत माणसाची ओळख पटवायला पगडी असते, शाल, घड्याळाची साखळी, कोरीव खुर्ची असते. चेहरा जेमतेम जमला तरी खुर्ची हुद्दा सांगून जाते. जनावराजवळ यातलं काहीच नसतं, आणि त्याच्या चित्राची सगळी अवघड परीक्षा इथेच आहे. कुत्र्याला सेनापतीचा डगला, मांजरीला राणीचा मुकुट घालून चित्र काढून घेण्याची टूम निघाली आहे, ती मला मनापासून खटकते. त्या डगल्यात कुठलंही कुत्रं चालतं. चेहरा तेवढा बदलला की झालं. माणसांच्या चित्रातली खुर्ची आपण त्याच्या गळ्यात बांधतो आणि ज्याच्यासाठी गेलो तोच जीव झाकून टाकतो. फोटो घालून मिनिटात चित्र काढून देणाऱ्या ॲपचंही मला हेच वाटतं. चित्र सुबक येतं, पण ‘तो बसायचा कसा’ हे विचारणारं तिथे कुणी नसतं.

मग ते लावायचं कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीवर जागा आधीच वाटलेली असते: देव, मग आजोबा-आजीचे हार घातलेले फोटो, मग कॅलेंडर. त्या रांगेत बोका लावायला घरातली वडीलधारी माणसं तयार होत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. हार घालून पूर्वजांमध्ये बसवल्याने जनावराचा मान वाढत नाही. ते ज्या जागी असायचं, तीच त्याची जागा. बाईंनी चित्र मोरीजवळच्या भिंतीवर लावलं. दमट हवा आहे म्हणून काचेची फ्रेम करून, मागून पक्कं बंद करून.

बहुतेक लोक चित्रकाराकडे जातात ते जनावर गेल्यावर. ते आधी जावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या रुग्णालयाच्या आवारात, जिथे 1886 मध्ये मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, तिथे सकाळी थोडा वेळ उभं राहावं. कुणी टोपलीत मांजर आणलेली, कुणी म्हातारं कुत्रं दोन हातांवर पेललेलं. त्या रांगेतला प्रत्येक माणूस आपल्या जनावराबद्दल बारीकसारीक सांगत असतो: काय खातं, कशाला भितं, कालपासून कुठल्या कुशीवर झोपतं. चित्रकाराला लागतं ते सगळं तेव्हा ओठांवर असतं. शिवाय जनावर समोर असलं की त्याला ते चालताना पाहता येतं, आणि चाल कुठल्याच फोटोत नसते.

एक प्रश्न मला अजून सुटलेला नाही. चाळीच्या जिन्याखाली राहणारा गावठी कुत्रा कुणाचाच नसतो. तळमजल्यावरून त्याला चपातीचा तुकडा येतो, तिसऱ्या माळ्यावरून दूध, आणि दोन माळे त्याला वेगवेगळ्या नावांनी हाक मारतात. त्याचं चित्र कोण सांगणार? वर्गणी गोळा करणं लालबागला शिकवायला नको, पैसे संध्याकाळपर्यंत जमतील. पण चित्रकाराने ‘तो बसायचा कसा’ असं विचारलं, की प्रत्येक बिऱ्हाड निराळंच कुत्रं सांगेल: रात्रपाळीहून येणाऱ्याला फाटकापासून दारापर्यंत पोचवणारं, शाळेच्या पोरांच्या मागे धावणारं, एका म्हातारीच्या उंबऱ्याशी तासन्‌तास पडून राहणारं. अशा वेळी चित्रकाराने एक निवडू नये. जिन्यात सतरंजी टाकून बसावं, प्रत्येक बिऱ्हाडाचं ऐकून घ्यावं आणि एकाच कागदावर तीच पाठ, तेच कान पाच-सहा वेळा काढावेत. असा कागद फ्रेम करून जिन्याच्या पहिल्या वळणावर, मीटरच्या पेट्यांच्या वर लावायला कुणाच्या परवानगीची गरज पडू नये.