टेलचं पाणी

बाईच्या दंडावर देवीच्या लशीचे दोन व्रण आहेत, जुन्या चार आण्याएवढे. बाई म्हणजे माझी चुलती. वय पंचाहत्तरच्या पुढं, गळ्यात तुळशीची माळ. आमचं रान इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे पार शेवटाला. मार्च 2021 मध्ये साठीपुढच्यांना कोविडची लस सुरू झाली. मी निवृत्त मास्तर, पहिल्याच आठवड्यात टोचून आलो आणि बाईला म्हणालो, "चल, तुलाही घेऊन जातो."

"कोन म्हनतंय?"

"सरकार म्हणतंय."

"कंचं? शुक्रवारी पानी सुटंल म्हनतंय, त्येच का?"

मी गप्प झालो. बारामतीकडं ऊस भिजत असतो तेव्हा आमच्या चारीत धूळ असते. कागदावर पाण्याचं आवर्तन पुरं होतं, पाटकरी वर बोट दाखवतो, वरचा त्याच्याही वर. बाईनं हे पन्नास वर्षं पाहिलंय. शहरातली माणसं याला अडाणीपणा म्हणतात. मला तरी ती नीट ठेवलेली हिशेबाची वही वाटते.

शेजारचे एक माळकरी मात्र निराळंच बोलायचे. पांडुरंगावर भार टाकलाय, मग सुई कशाला? हा प्रश्न मला बाईच्या प्रश्नापेक्षा सोपा वाटला. 2020 ला कोविडमुळं तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण झालं नाही, बेलवाडीत अश्व धावला नाही. बाई त्या दिवसांत सकाळी पालखीच्या मोकळ्या रस्त्याला हात जोडून यायची. तिची श्रद्धा तसूभर हलली नाही, कारण तिनं विठ्ठलाकडं कधी पाणी मागितलंच नव्हतं. श्रद्धेला वायदा नसतो, म्हणून ती मोडतही नाही. विश्वासाचं तसं नाही, तो उधारीसारखा आहे. मागचं फेडलं तरच पुढचं मिळतं. आपल्याकडं राज्यकर्त्यांना हवी असते श्रद्धा आणि ती मागतात विश्वासाच्या नावानं. इथंच सगळा घोळ होतो.

जुनी उधारीही असतेच. 1897 च्या प्लेगात प्लेग अधिकारी रँडच्या अंमलात सोजीर पुण्यातल्या घरांत, पार देवघरापर्यंत शिरले. त्याच वर्षीचा साथरोग कायदा 2020 लाही बाहेर काढावा लागला. पण त्याच 1897 मध्ये, 10 जानेवारीला, मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. मी हे सगळं बाईला शाळेतल्यासारखं ऐकवलं. ती जोंधळे निवडत होती. हाफकिन ऐकल्यावर तिचा हात थांबला.

"देवी काढाय मानूस आला तवा आयनं मला कनगीमागं दडवलं व्हतं," ती म्हणाली. "त्यानं आदी सोताचा दंड उघडा करून दावला. मग आयनं मला भाईर काढली." आणि मग मला, "तुला ताप आला का? खरं सांग."

आला होता. एक रात्र अंग ठणकलं होतं. मी ते लपवणार होतो. घाबरेल असं वाटलं होतं. सांगितल्यावर ती उलट निवांत झाली. गावच्या आशा सेविकेला, आशाताईलाही तिनं तेच विचारलं. बाईच्या सुनेच्या बाळंतपणात रात्री दोनला धावून आलेली ही आशाताई, आणि तिनं लस फेब्रुवारीतच घेतली होती. तिसऱ्या दिवशी बाई माझ्या गाडीवर मागं बसली. केंद्रावर डावा हात पुढं केला, देवी उजव्या दंडावर आहे म्हणून.

पुढची गंमत वेगळी. दुसरा डोस आधी अठ्ठावीस दिवसांनी होता. मग सहा ते आठ आठवडे झाले. एप्रिलअखेर पहाटे पाचला टोकनच्या रांगेत उभं राहून आम्ही दोनदा हात हलवत परतलो, साठा संपल्याची पाटी पाहून. मे महिन्यात अंतर बारा ते सोळा आठवड्यांवर गेलं. त्यामागं शास्त्र होतं. मी पेपरात वाचलेलं होतं आणि समजावलंही.

"आवर्तन लांबलं म्हन की," बाई म्हणाली.

जूनमध्ये दुसरा डोस झाला. नातवानं प्रमाणपत्र छापून आणलं. मला वाटलं, ती ते देवघरात विठोबाच्या तसबिरीमागं ठेवेल. ती घरात गेली, फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि पाणीपट्टीच्या पावत्यांत तो कागद घडी घालून ठेवून दिला.