तासानंतरचा प्रश्न

पोलिसांना संवेदनशीलतेचे प्रशिक्षण देऊन काही साधते का, या वादात मी बरीच वर्षे 'साधते' म्हणणाऱ्यांच्या बाजूला होतो. एकदा अशाच एका वर्गात विमुक्त जमातींविषयी बोलायला गेलो. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, १९५२ साली तो रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही, असे सांगितले. सगळ्यांनी नीट टिपून घेतले. तास संपल्यावर एक हवालदार जवळ आला. म्हणाला, "सर, पटलं. पण उद्या घरफोडी झाली की साहेब पहिलं विचारणार, पारध्यांच्या पालावर जाऊन आलास का? तेव्हा काय सांगू?"

मला उत्तर देता आले नाही. पूर्वग्रह नुसता मनात असता तर व्याख्यानाने थोडा हलला असता. तो साहेबांच्या प्रश्नातही असतो आणि लवकर तपास लावण्याच्या घाईतही. न्यूयॉर्कच्या पोलिसांना २०१८पासून असे प्रशिक्षण दिले गेले. जाण वाढल्याचे अभ्यासात दिसले, रस्त्यावरच्या वागण्यातला फरक मात्र ठामपणे दाखवता आला नाही.

म्हणून प्रशिक्षण बंद करावे, असे मी म्हणणार नाही. हवालदाराला तो प्रश्न पडला, हे त्या तासाचेच फळ. पण शहाणपण शिपायाला शिकवायचे आणि शाबासकी जुन्याच सवयीला द्यायची, ही त्याची फसवणूक आहे. पालावरच्या माणसाची तर आहेच.

पुन्हा बोलावणे आले तर माझी एकच अट असेल : पहिल्या बाकावर साहेब हवेत.