काही झाले नाही म्हणजे चुकले नाही का?



पुणे-सोलापूर महामार्ग पळसदेवहून जातो. गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या या रस्त्याने सावकाश चाललेल्या असतात आणि त्यांच्या मागून मोटारी भरधाव येतात. अशा रस्त्यावर आपण खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल दाबून दुचाकी चालवतो.

ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. आलेला निरोप वाचायला पाच सेकंद लागले, तर शंभर मीटरहून अधिक अंतर आपण डोळे मिटून कापलेले असते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३,३९५ मृत्यू वाहन चालवताना मोबाइल वापरल्यामुळे झाल्याची नोंद आहे. कानात यंत्र घातले की हात मोकळे होतात, पण मन मोकळे होत नाही.

आता एक प्रश्न स्वतःला विचारू या. दोघे जण गाडी चालवताना सारखेच मोबाइलमध्ये पाहतात. एकाच्या समोर सायकलवरचा मुलगा येतो, तर दुसऱ्याचा रस्ता मोकळा असतो. पहिल्याला आपण गुन्हेगार म्हणतो. दुसरा घरी पोहोचून निवांत जेवतो. पण दोघांनी केले ते एकच. दुसऱ्याला वाचवले ते त्याच्या सावधपणाने नव्हे, रस्त्यावर त्या क्षणी कोणी नव्हते म्हणून. मग तो निर्दोष कसा? ‘काही झाले नाही’ ही आपली पुण्याई नव्हे. दुसऱ्याचा जीव आपण पणाला लावला, तेव्हाच दोष घडला.

म्हणूनच २००७ साली व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या, तेव्हा पहिलीच आज्ञा होती ती हत्या न करण्याची. रस्त्यावरचा अनोळखी माणूस हाही आपला शेजारीच आहे. यरीहोच्या वाटेवर याजक आणि लेवी यांनी जखमी माणसाला निदान पाहिले तरी होते. मोबाइलमध्ये बुडालेल्या आपल्याला तो दिसतही नाही.

पायी चालणाऱ्यांनाही हे लागू आहे. बोलत बोलत रस्ता ओलांडताना आपण स्वतःचा जीव तर धोक्यात घालतोच. शिवाय एखाद्या निरपराध चालकाच्या माथी जन्मभराचे दुःख मारतो.

आणि फोन करणाऱ्याचे काय? ‘कुठवर आलास?’ असे काळजीने विचारणारी आईच कधी कधी मुलाचे लक्ष रस्त्यावरून काढून घेते. तेव्हा पलीकडून गाडीचा आवाज आला, तर ‘पोहोचल्यावर बोलू’ एवढेच म्हणून फोन ठेवू या. गाडी सुरू करण्यापूर्वी आपला मोबाइल खिशात ठेवू या. निकड असेलच, तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबू या. थांबल्याने जातील ती पाच मिनिटे; न थांबल्याने काय जाईल, ते परत आणता येणार नाही.