गाणं माझं, यश कुणाचं?

जयपूरचा प्रतीक कुहाड न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत गणित आणि अर्थशास्त्र शिकला, दिल्लीत आला आणि पुढे गाण्यालाच लागला. २०१५ मध्ये ‘इन टोकन्स अँड चार्म्स’ हा अल्बम आला, २०१८ मध्ये ‘कोल्ड/मेस’ हा सहा गाण्यांचा छोटा संच. या दोन्हींच्या पाठीशी ना हिंदी सिनेमा, ना बडी संगीत कंपनी. २०१९ च्या डिसेंबरात बराक ओबामांनी वर्षभरात आवडलेल्या गाण्यांची यादी जाहीर केली आणि तिच्यात ‘कोल्ड/मेस’ हे गाणं निघालं. ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं कसं, हे आपल्याला मुळीच ठाऊक नाही, असं कुहाडनं लगेच जाहीर सांगून टाकलं.

स्वतंत्र गायक-गीतकाराच्या तोंडी ही कबुली मोठी आहे. त्याचा सगळा डोलारा ‘हे मी केलं’ यावर उभा असतो. शब्द त्याचे, चाल त्याची. स्टुडिओचं भाडं, कार्यक्रमांच्या तारखा, नव्या अल्बमआधीची महिनोन्‌महिने चालणारी जाहिरातही त्याचीच. आणि ज्या दिवशी नाव होतं, त्या दिवसाचा कर्ता नेमका तो नसतो!

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, नाना हालचाली आणि पाचवं दैव. कर्त्याला तिथे जागा आहे, पण पाचांतली एक. जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसतच नाही, असा शेराही दोनच श्लोकांनंतर येतो. ओबामांची यादी अर्थातच पाचव्या खात्यात जाते.

कर्ता कोण, या प्रश्नाची दुसऱ्या टोकाची बाजू मुंबईत मांडली जात होती. गायक-गीतकार लेनर्ड कोहेन लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात काही वर्षं राहिला, भिक्षूही झाला. १९९९ मध्ये मठ सोडून तो मुंबईत रमेश बाळसेकरांच्या सत्संगाला येऊन बसला. बाळसेकर बँक ऑफ इंडियातले निवृत्त उच्चाधिकारी. खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं ते इंग्रजी श्रोत्यांना समजावून देत. बाळसेकरांचं सांगणं सडेतोड होतं: घटना घडतात, कर्मं होतात, पण करणारा कुणी वेगळा नसतो. कोहेनचं जुनं नैराश्य याच सुमारास ओसरलं. त्याचंही श्रेय त्यानं स्वतःकडे घेतलं नाही. वय वाढलं की चिंतेच्या काही पेशी मरतात असं कुठेतरी वाचलंय, असं तो मुलाखतींत सांगे.

पण करणाराच नसेल, तर मानधन कुणाला द्यायचं? हा प्रश्न थट्टेचा नाही. ‘कलाकारानं फळाची आशा धरू नये’ हे ऐकायला पैसे देणाऱ्यांना नेहमीच गोड वाटतं. आपल्याकडे सिनेमासाठी लिहिलेल्या गाण्यांच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांचा वाटा कायद्यानं पक्का व्हायला २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती यावी लागली. तोवर त्यांची निरिच्छता दुसऱ्यांच्याच कामी आली. अकर्तेपण ज्यानं त्यानं स्वतःपुरतं पत्करायचं असतं. दुसऱ्यावर ते लादलं की ती निव्वळ लबाडी होते.

तुकोबांना हा पेच अडचणीचा वाटला नसावा. आपल्या तोंडून बोलणारा वेगळाच आहे असं ते पुन्हा पुन्हा सांगतात आणि तरी अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घालतात. श्रेय सोडलं म्हणून जबाबदारी सुटत नाही. शब्द चुकला तर जाब तुक्यालाच विचारायचा.

कोहेननं मठानंतरच्या कामात श्रेय वाटून घेतलं. त्याचा ‘टेन न्यू साँग्ज’ २००१ मध्ये आला, आधीच्या स्टुडिओ अल्बमनंतर नऊ वर्षांनी. बरंचसं काम त्याच्या घरच्या स्टुडिओत झालं. सगळी गाणी शॅरन रॉबिन्सनसोबत रचलेली, निर्मिती तिची, मुखपृष्ठावर त्याच्या शेजारी तीही आहे. बड्या कंपनीशिवाय सुरुवात केलेल्या कुहाडनं मात्र ओबामांच्या यादीनंतर वर्षभरातच इलेक्ट्रा या अमेरिकी कंपनीशी करार केला, आणि २०२२ चा त्याचा ‘द वे दॅट लव्हर्स डू’ तिच्यातर्फेच निघाला.