तुरुंगाशेजारची मोकळी जमीन कोणाची?

पडीक जमीन मागितली म्हणून माणसे तुरुंगात गेली, हा आपल्या चळवळीचा इतिहास आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केला व आनंदाने अटक करून घेतली. आज प्रश्न उलट बाजूने समोर आला आहे. खुद्द तुरुंगाच्या भिंतीला लागून जी जमीन मोकळी पडते, तिचे शासनाने काय करावे? परभणी जिल्ह्यातील पोखर्णीच्या शेतमजुराला हा प्रश्न शहरवाल्यांचा वाटेल. परंतु तो त्याचाही आहे.

तुरुंग गावाबाहेर बांधले गेले. पुढे शहरे वाढली, भिंतीपर्यंत येऊन भिडली आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. मग योजना निघू लागल्या. बंगळूरला जुन्या मध्यवर्ती कारागृहाच्या जागी २००८ साली उद्यान झाले. कोलकात्याच्या अलीपूर तुरुंगात २०२२ साली संग्रहालय उघडले. आपल्याकडे, जेथे २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला त्या येरवड्यात, २०२१ च्या प्रजासत्ताकदिनी ‘कारागृह पर्यटन’ सुरू झाले. उद्यान वाईट नाही, संग्रहालयही वाईट नाही. परंतु अशा योजनांत ज्याचा विचार सर्वांत शेवटी होतो, तो माणूस म्हणजे कैदी.

हा कैदी कोण? २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसे होती. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांचा गुन्हा अद्याप सिद्धच झालेला नव्हता! ज्याला जामीन द्यायला कोणी नाही, वकिलाला पैसे नाहीत, तोच आत खितपत पडतो. आणि आत गेल्यावर तरी जात सुटते काय? जातीवरून झाडलोटीचे काम वाटून देणारे तुरुंगाचे नियम घटनाबाह्य ठरविण्यास ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल दिला.

कोणी म्हणेल, ‘निरपराध भूमिहीन उपाशी असता गुन्हेगाराला जमीन कशाला?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. येथे मालकी देण्याची गोष्ट नाही. गोष्ट कामाची आणि उभे राहण्यापुरत्या जागेची आहे. भगवान बुद्धांनी अंगुलिमालाला नुसता उपदेश करून वाटेला लावले नाही. त्याला संघात घेतले. तो भिक्षेला निघाला तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले. संघ पाठीशी नसता तर तो कोठे गेला असता? सुटून आलेल्या माणसाला गाव काम देत नाही, तेव्हा त्याच्यापुढे जुनीच वाट उरते.

हे केवळ स्वप्न नव्हे. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूर वसले. तेथे कैदी कुंपणाशिवाय, कुटुंबासह राहून शेती करू लागले. पैठणच्या खुल्या कारागृहातील कैद्यांनी जायकवाडी धरणावर घाम गाळला. त्या धरणाचा डावा कालवा आपल्या परभणी जिल्ह्यात येतो. जिल्ह्यातील किती शेते कैद्यांच्या श्रमाने भिजली, याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय?

म्हणून तुरुंगाशेजारच्या मोकळ्या जमिनीचा लिलाव होता कामा नये. तिच्यावर प्रथम खुले कारागृह, शेती व कार्यशाळा व्हावी आणि सुटलेल्यांना तेथे मजुरी मिळावी. उरलेल्या जागेत भूमिहीनांची वस्ती बसावी. उद्यान त्यानंतर.

ही मागणी शासनाकडे आहे. दुसरी आपल्याकडे आहे. उद्या असा एखादा माणूस सजा भोगून पोखर्णीच्या वेशीशी आला, तर त्याला दगड मारायचा की आपल्या पारावर बसवायचे, हे ठरविण्यास कोणत्याही सरकारी आदेशाची गरज नाही.