पहिला डबा

आमच्याकडे नाताळच्या करंज्या रात्रीची जेवणं उरकल्यावर तळतात. आजी होती तोवर तिचा एक नियम होता. पहिला घाणा झाऱ्यातून परातीत उतरला की त्याला कुणी हात लावायचा नाही. करंज्या निवेपर्यंत ती परातीशेजारी बसून राहायची, मग त्या डब्यात भरायची आणि डबा घराबाहेर जायचा. कुणाकडे, ते दरवर्षी तीच ठरवायची. लहानपणी आम्हांला वाटायचं, हा देवाचा नैवेद्य असणार. ख्रिस्ती घरात नैवेद्य नसतो हे कळायला काही वर्षं गेली. आणि तरीही त्या डब्याचं नातं देवाशीच आहे, हे कळायला त्याहून जास्त.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या घरी नाताळची सुट्टी खऱ्या अर्थानं भरते ती ३१ डिसेंबरच्या रात्री. पुण्या-मुंबईची मंडळी आलेली असतात. चर्चला निघण्याआधी सतरंजी अंथरून सगळे बसतात आणि एकेक जण सरत्या वर्षाबद्दल देवाचे उपकार मानतो. आम्ही याला उपकारस्तुती म्हणतो. मराठी बायबलमुळे आमच्या तोंडी बसलेला हा शब्द मला फार आवडतो. आभार मानले की माणूस मोकळा होतो. सभेत आभारप्रदर्शन झालं की लोक चपला शोधायला लागतात. उपकारांचं तसं नसतं. ‘तुझे उपकार कसे फेडू’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते फिटायचे नाहीत हे आपल्याला पुरतं ठाऊक असतं.

पण अलीकडे त्या सतरंजीवर बसून मी अस्वस्थ होतो. फ्लॅटचा ताबा मिळाला, मुलाला व्हिसा मिळाला, रिपोर्ट नॉर्मल आले. हे सगळं देवापुढे बोलावंच. ज्या आईनं रिपोर्टची वाट पाहत रात्री काढल्या, तिच्या डोळ्यांतलं पाणी खरं असतं. एका वर्षी मात्र आमच्यातल्या एकानं सांगितलं, ‘घाटात बस दरीत गेली, पण आपला पोरगा आधीच्याच थांब्यावर उतरला होता. देवानं राखलं.’ सगळ्यांनी आमेन म्हटलं, मीही म्हटलं. मग रात्रभर डोक्यात तीच बस. त्या बसमधल्यांच्या घरीही कुणीतरी देवाचं नाव घेतच असेल की.

लूककृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशूनं एक दाखला सांगितला आहे. मंदिरात दोघे प्रार्थनेला जातात, एक धर्मनियम कसोशीनं पाळणारा परुशी आणि एक लोकांच्या नजरेतून उतरलेला जकातदार. परुशाची प्रार्थना आभारानं सुरू होते, याकडे आपलं लक्ष जात नाही. तो देवाचे आभार मानतो ते आपण इतरांसारखे नाही म्हणून. दूर उभ्या असलेल्या जकातदाराकडे बोट दाखवून मानतो. त्याच्या उपासात, दशांशात काही खोट नव्हती. पण देवाच्या दृष्टीनं नीतिमान ठरून घरी गेला तो छाती बडवणारा जकातदार. आभारातसुद्धा माणूस देवापासून दूर जाऊ शकतो, इतकं स्पष्ट येशूनं सांगून ठेवलं आहे, आणि सणाच्या रात्री आपण नेमकं तेच विसरतो.

मग आभार मानावेत कसे? बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात हंगामाच्या प्रथमफळांचा विधी आहे. शेतकरी टोपली घेऊन याजकापुढे उभा राहतो. हातात भरलेली टोपली, पण बोलायची सुरुवात पिकापासून नाही. आधी म्हणायचं ते असं: माझा बाप भटका अरामी होता, मूठभर माणसांनिशी मिसरात गेला, तिथं आम्हांला छळलं, गुलामीत राबवलं. ही सगळी कहाणी सांगून झाली की मग टोपली खाली ठेवायची. आणि पुढचा आनंद एकट्यानं करायचा नाही. गावातला लेवी, म्हणजे मंदिरसेवेच्या वंशातला माणूस, आणि परका यांच्यासह करायचा. मांडवांच्या सणाला तर कोणाकोणाला सोबत घ्यायचं याची यादीच आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, परका, अनाथ, विधवा. लेवीय पुस्तकात सणांचं वेळापत्रक सांगता सांगता मध्येच बजावलं आहे की शेताच्या कडा कापू नका, त्या गरिबाच्या आणि परक्याच्या.

भटक्या बापाचं नाव घेणं आम्हां मराठी ख्रिस्ती माणसांना जड जाऊ नये. आमच्यातली कितीतरी घरं महारवाड्यातून, मांगवाड्यातून आली, आणि त्यांतली अनेक दुष्काळात मिशनच्या दारी पोचली. १८९९-१९००च्या दुष्काळात माझ्या आजीची आई कडेवर होती. तिची आई तिला घेऊन चार दिवस चालत आली, असं आजी सांगायची. घरातल्या काही मंडळींना हे सांगणं आवडायचं नाही. शिकलेल्या सुनांपुढे कशाला, म्हणायचे. मला आता वाटतं, आमच्या घरातली सगळ्यात खरी उपकारस्तुती तीच होती.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आठवा. तरुणपणी आई, वडील आणि बहीण त्यांनी दुष्काळात गमावले. १८९६-९७ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला ‘मुक्ती’ ही आश्रयसंस्था उभी राहिली. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही तिथं आल्या. ‘आपण वाचलो’ या एका जाणिवेचं त्यांनी काय केलं, ते केडगावला जाऊन पाहावं.

आणि ज्या वर्षी मोजायला काहीच नसतं त्या वर्षी? वडील गेले ते नोव्हेंबरात. त्या ३१ डिसेंबरला सतरंजी अंथरावी की नाही, असा प्रश्न होता. आईनंच अंथरली. तिची पाळी आली तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली, मग एवढंच म्हणाली, ‘बेचाळीस वर्षं दिलीस.’ येशू धरला जाण्याच्या रात्रीचं भोजन हे वल्हांडणाचं होतं, म्हणजे घराघरांत होणारा सण. उद्या काय होणार हे माहीत असताना त्यानं भाकर हातात घेऊन उपकारस्तुती केली. प्रभुभोजनाला ग्रीकमध्ये जो शब्द रूढ झाला, त्याचा अर्थच उपकारस्तुती. आईच्या त्या तीन शब्दांनंतर मला तो विधी कळला.

आता घाणा माझी बायको काढते आणि डब्याचं मी पाहतो. आमच्या कारखान्याचा गळीत हंगाम डिसेंबरात जोरात असतो. रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडलेल्या असतात. घरदार सोडून आलेली माणसं, उघड्यावर चुली, कडेवर पोरं. पहिला डबा तिकडं जातो. तो रिकामा होऊन परत आला की मग आम्ही सतरंजी अंथरतो.