दुकानांतला उजेड

जें बाजारांत टिकलें तेंच उत्तम, असें म्हणण्याची चाल पडली आहे. आम्हांस मात्र प्लाझ्मा दूरचित्रवाणीची हकीकत आठवते. १९६४ सालीं इलिनॉय विद्यापीठांत जन्मलेल्या या पडद्याचा प्रत्येक कण स्वतः प्रकाशे. म्हणून त्यावरील काळोख गडद उमटे. एलसीडींत मागील दिव्याचा प्रकाश द्रवस्फटिक अडवितात, पण तो पुरता अडत नाहीं व काळा रंग करडा भासतो. तरीहि ‘कुरो’, म्हणजे काळा, हें जपानी नांव आपल्या पडद्यांस अभिमानानें देणाऱ्या पायोनियरनें २००९ सालीं हा धंदा सोडण्याचें जाहीर केलें. एलसीडी हलका होता, स्वस्त होत गेला, वीजहि कमी खाई. हे गुण खोटे नव्हेत. परंतु दुकानाच्या लखलखाटांत काळोखाची पारख व्हावी कशी? ती घरीं, दिवे मालवल्यावर व्हायची. आम्ही अध्यापकहि मुलाखतीच्या दहा मिनिटांत चमकणाऱ्यास निवडतों, आणि सखोल बुद्धीचा अबोल मुलगा मागें राहतो. बाजाराचा निकाल मान्य करावा. पण तो कोणत्या दिव्याखालीं लागला, हें विचारण्याचें सुज्ञांनीं सोडूं नये.